खाऱ्या मातीतली जास्वंद

लग्न होऊन मी खाडीकाठच्या बोनकोडे गावात राहायला आले, तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाय, हितं फूलझाड लावू नको. माती खारी हाय."

मी ऐकलं नाही. माहेरच्या जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड फांदी आणली, खालची पानं काढली आणि तिरकी करून डालड्याच्या डब्यात सावलीला लावली. मुळं धरेपर्यंत दारामागे खड्डा खणून ठेवला. तळाला विटांचे तुकडे, वर गावाकडची लाल माती आणि शेणखत. मग त्यात रोप लावलं. पाणी रोज, पण साचू द्यायचं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात झाड कमरेएवढं झालं आणि लाल फुलं यायला लागली.

माझे यजमान जवळच्या पावणे गावातल्या एका केमिकल कंपनीत होते. एका दुपारी मी कळ्या मोजत असताना ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास आला. डोळे चुरचुरले. कंपन्यांच्या बाजूनं भोंगा वाजायला लागला, थांबेचना. मी आत पळाले, खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. मला तिसरा महिना होता. श्वास घेऊ की नको, तेच कळेना.

मालकीणबाई पदर तोंडाला धरून आल्या. "कंचीतरी टाकी फुटली म्हनतात."

"कुठल्या कंपनीत?"

"कोन सांगल? तू घाबरू नको. येल तुझा मानूस."

कंपनीतली पाळी सुटायची वेळ टळून गेली. रस्त्यावर सायकली दिसल्या, त्यातली एकही त्यांची नव्हती. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर तेही आठवेना.

दिवेलागणीला ते चालत आले. डोळे लाल, आवाज बसलेला. "आमच्याकडे नाही, शेजारी झालं. तिकडच्या दोघांना दवाखान्यात नेलंय," एवढंच म्हणाले.

सकाळी जास्वंदीची पानं पांढरी पडून कडेनं जळाली होती, कळ्या खाली पडल्या होत्या. त्यांना शर्ट घालताना बघून मी म्हटलं, "अहो, आज तरी नका जाऊ."

"मग कुठं जाऊ?"

ते गेले. मालकीणबाईंनी फांदी नखानं खरवडून दाखवली, आत हिरवी होती. म्हणाल्या, "छाट निम्म्यावर. येल परत."

मी छाटली. महिन्याभरात तांबूस कोंब आले. माणसं म्हणायची, संकट टळलं. मी मात्र रोज ते कामावर गेले की दारामागे जाऊन एकेक पान परत जळलंय का ते उलटून बघायची, आणि दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नसायचा.