काकांच्या अंघोळीचे पाणी

कोपरीतल्या आमच्या घरात सकाळ आधी नाकाला कळत असे. खाडीवरून येणारा खारट, ओलसर वारा आणि मोरीतल्या तांब्याच्या बंबाचा धूर एकमेकांत मिसळत, आणि त्या निळसर धुक्यात मी अर्धी जागी, अर्धी स्वप्नात पडून राही. पाणी तापू लागले की बंब आतल्या आत गुणगुणे. चिंचेने घासलेल्या त्याच्या पोटावर विस्तवाची झाक हलत असे. एखादे सोशिक जनावर झोपेत श्वास घेत असावे, तसा तो मला वाटे.

त्या घरात माझे वडील आणि धाकटे काका एकत्र राहत, पण एकमेकांशी बोलत नसत. गावच्या आमराईच्या वाटणीवरून धरलेला अबोला जवळजवळ माझ्याच वयाचा होता. पाटाला पाट लावून दोघे जेवायला बसत आणि निरोप माझ्याकरवी जात.

"काकाला सांग, ताक आंबट आहे."

"बाबांना सांग, मलाही जीभ आहे."

पहाटे बंब पेटवण्याचे काम काकूचे. धुराने तिचे डोळे दिवसभर लाल असत. एके दिवशी तिने विजेच्या बंबाचा विषय काढला.

"अगं, इतका भक्कम बंब! कुठे गळतोय का तो?" आई म्हणाली.

"बंब नाही गळत, जाऊबाई. माझे डोळे गळतात."

काकांनी मला हाक मारली. "बाबांना विचार, विजेचा बंब आणायचा का?"

बाबा तिथेच, वर्तमानपत्राआड होते. "सांग, ज्याची त्याची मर्जी."

 बाबांची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. घरात पहिली अंघोळ त्यांची, दुसरी काकांची. आपण घेतले तेवढे गार पाणी बंबात ओतायचे, ही घराची रीत. बाबा ती पाळत, पण तेवढ्यावर थांबत नसत. ओल्या अंगाने वाकून ते विस्तवात आणखी लाकडाच्या ढलप्या सारत, कारण काकांना पाणी कढत लागे. देवाला फूल वाहताना कुणी पाहू नये असे वाटावे, तशा घाईने ते हे करीत. त्या दोघांमध्ये एवढेच उरले होते, आणि बटणावर तापणाऱ्या पाण्यात त्याला जागा नव्हती.

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा म्हणतात, ज्याची त्याची मर्जी." आणि मग, कुणी न सांगितलेले, "पण काका, मग बाबा तुमच्यासाठी ढलप्या कशात घालणार?"

"कोण घालतं?"

"बाबा. रोज."

काकांनी काकूकडे पाहिले. "मी नाही बाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हीच घालता."

वर्तमानपत्राचे पान उलटायचे थांबले. बाहेर अळवाच्या पानांवरचे ऊन क्षणभर घरात येऊन भिंतीवर थरथरले.

"दादा," काका म्हणाले. फार दिवस न उघडलेल्या दारासारखा तो शब्द अडखळत आला. "दादा, राहू दे बंब. चांगला चाललाय."

वर्तमानपत्र खाली आले. बाबांनी त्यांच्याकडे नाही, काकूकडे पाहिले. "आणि हिच्या डोळ्यांचं काय? विजेचा आणू या."

"मला त्यातलं काही कळत नाही," काका म्हणाले.

"मला तरी कुठे कळतं?"

"मग तू चल बरोबर."

आईने पदर तोंडाला लावला. हसू की रडू, ते मला कळले नाही.

रविवारी दोघे बंब आणायला निघाले. मी खिडकीच्या गजांना गाल लावून पाहत होते. बाबा पुढे, काका मागे. बोलणे असे काही दिसत नव्हते. पांढुरक्या उन्हात दोन सदरे हळूहळू लहान होत गेले. वळणापाशी बाबा वहाणेचा अंगठा नीट करायला वाकले, आणि काका येईपर्यंत तसेच वाकून राहिले.