शाफ्टच्या पलीकडं भामा

भाकरीचं फडकं झटकून द्वारकाबाई बाभळीच्या सावलीत आडवी होते. सोयाबीन कापून झालंय, रानाच्या मधोमध सुडी रचून ठेवलीय आणि केरबाचं मळणीयंत्र यायला अजून अवकाश आहे. टोळीतल्या बाकीच्या बाया विहिरीकडं पाणी प्यायला गेल्यात. तेवढ्यात घटकाभर पाठ टेकावी, इतकाच तिचा विचार. लांब कुणाच्या तरी रानात एक मशीन चाललंय. त्याची घरघर आधी कानात शिरते, मग पातळ होत जाते, मग ती बाहेर आहे की आपल्याच डोक्यात, हेही कळेनासं होतं.

"झोपलीस का गं द्वारके?"

उशाशी भामा बसलीय. सत्यभामा. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. द्वारकाबाईच्या केसांत अडकलेला भुसा ती चिमटीनं काढतेय. भामाला जाऊन वर्ष व्हायला आलंय, हे द्वारकाबाईला झोपेतही ठाऊक आहे. तरी तिला भीती वाटत नाही. ती जरा सरकते आणि भामाला सावलीत जागा करून देते.

"लय दिवसानं आलीस," द्वारकाबाई म्हणते.

"तू कुठं बोलावलंस?"

"आता जेवलीस का?"

"मला भूक नाही लागत," भामा म्हणते. "माझी उज्ज्वला तुझ्याच टोळीत आली म्हणं?"

"आलीय. माहेरपणाला आलीय अन् म्हणली, मावशी, बसून काय करू. चपळ हाय. तुझ्यावाणीच."

द्वारकाबाईच्या पाठीखालची ढेकळं गार पडत जातात, गुळगुळीत होत जातात. बघावं तर ती फरशी आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती लुगड्यानिशी आडवी पडलीय आणि नळाला धरलेल्या बादलीत पाण्याच्या जागी सोयाबीनचे दाणे पडतायत, टपटप, टपटप. आतून एक नर्स विचारते, "बाईबरोबर कोण आहे?" द्वारकाबाई हात वर करते. पण तो हात नर्सला दिसत नाही.

"त्या दिवशी तू बाहेरच बसलीस," भामा तिच्या कानाशी म्हणते. "आत आली नाहीस."

"माझ्यानं बघवलं नसतं गं."

"मला तरी कुठं बघवलं?"

व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल आहे. त्याच्यामागं साहेब बसलाय, पुढ्यात कोरा कागद. पंचनाम्याच्या दिवशी बसला होता तसाच, पेनाचं टोपण दातांत धरून. "अपघात कशानं झाला?" तो विचारतो. केरबा खाली मान घालून उभा आहे. सगळी टोळी द्वारकाबाईच्या तोंडाकडं बघतेय. टोळी तिची आहे. कुणाच्या रानात जायचं, कुणी सुडी ओढायची, कुणी पोती उचलायची, सगळं तीच ठरवते. ती बोलायला तोंड उघडते तर तोंडात भुसा. ती थुंकते, पुन्हा भुसा. आणि त्या भुशातून तिचाच आवाज स्वच्छ बाहेर येतो, "तिचाच पदर सैल होता, साहेब."

साहेब लिहून घेतो. बाया माना हलवतात. गावातल्या पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, दळणाच्या रांगेत जो तो तेच म्हणत जातो, तिचाच पदर सैल होता. भामाच्या घरात तिची उज्ज्वला चुलीपुढं बसून आपल्या लेकराला सांगतेय, "तुझी आजी निष्काळजी होती रे. पदर खोचला असता, तर आज असती."

"माझा पदर खोचलेला होता का नव्हता, द्वारके?" भामा विचारते. आवाजात राग नाही. मीठ संपलंय का, असं विचारावं तसं विचारते.

"होता," द्वारकाबाई म्हणते. "गच्च होता. वरून शर्ट होता."

"मग?"

मग ते रान समोर येतं. तिथवर चालत जावं लागत नाही. दवाखान्याची भिंत बाजूला होते आणि मागं ते गेल्या वर्षीचं रान असतंच. काळं आभाळ खाली उतरलंय. ट्रॅक्टर सुरू आहे, मशीन सुरू आहे, पण आवाज कशालाच नाही. दोन्हींच्या मधे मशीन फिरवणारा लोखंडी दांडा, शाफ्ट, गुडघाभर उंचीवर गरगर फिरतोय, उघडा. त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण सुडीला टेकवून ठेवलंय. झाकणाचा एक बोल्ट सैल झाला होता, पत्रा घासून खडखडत होता. केरबा म्हणाला होता, "अर्धा तास द्या, नवा बोल्ट बसवतो." आणि द्वारकाबाईनं आभाळाकडं बघून त्याला झापलं होतं, "राहू दे तुझं झाकण! पाणी आलं तर सुडी भिजंल. चालू कर."

शाफ्टच्या पलीकडं भामा उभी आहे. पाठीवर भरलेलं पोतं. ती तोंड वर करून विचारते,

"कुठून येऊ गं?"

त्या दिवशीही तिनं असंच विचारलं होतं. वळसा घालून यायचं तर ट्रॅक्टरच्या पुढून, वीस-पंचवीस पावलं. द्वारकाबाईला माहीत आहे, आता काय म्हणायचं ते. ती जीव एकवटते आणि ओरडते, पण तोंडातून त्या दिवशीचेच शब्द निघतात,

"वरूनच ये! वळसा कशाला घालतीस?"

भामा पाय उचलते. साडीचा खालचा काठ दांड्याच्या अंगाला लागतो. द्वारकाबाई डोळे मिटते. उघडते तर भामा पुन्हा पलीकडंच, पाठीवर पोतं.

"कुठून येऊ गं?"

"वरूनच ये!"

पुन्हा काठ. पुन्हा पलीकडं. द्वारकाबाई स्वतःच्या तोंडावर हात दाबते, तर बोटांच्या फटीतून तेच शब्द निसटतात. किती वेळा, त्याला गणती नाही. भामा थकत नाही, चिडत नाही. ती फक्त विचारते. शेवटी द्वारकाबाई चिखलात गुडघ्यांवर बसते. ओरडायचं त्राण उरलेलं नसतं. रडत, कुजबुजत तिच्या तोंडून निघतं,

"वळून ये, भामे. वळून ये गं माय. भिजू दे सुडी."

भामा मान हलवते. पोतं सावरते आणि चालू लागते. ट्रॅक्टरच्या पुढून, सावकाश. मोठ्या चाकाआड जाते. बराच वेळ दिसत नाही. मग चाकाच्या या बाजूनं बाहेर येते, द्वारकाबाईच्या पुढ्यात पोतं उतरवते आणि तिचं मनगट धरते. हात गार आहे. गार आणि बुळबुळीत.

"इतकाच वेळ लागला असता बघ," भामा म्हणते.

"मावशे! ऊठ, मशीन आलं!"

द्वारकाबाई दचकून बसते. बाभळीची सावली सरकून ऊन तोंडावर आलंय. केरबानं ट्रॅक्टर सुडीजवळ लावलाय, मशीन जोडलंय आणि सुरूही केलंय. दांडा उघडाच फिरतोय. ती उठते आणि धावत सुटते, चपला बाभळीखालीच राहतात.

"बंद कर! केरबा, बंद कर आधी!"

केरबा मशीन बंद करतो. "काय झालं मावशी?"

"झाकण कुठाय?"

"हाय ट्रॉलीत. बसवायला वेळ जाईल म्हणून..."

"जाऊ दे वेळ. झाकण बसल्याबिगर माझी एक बाई हात लावणार नाही."

बाया एकमेकींकडं बघतात. उज्ज्वला रिकामी पोती घेऊन पुढं आलीय. द्वारकाबाई तिच्यासमोर उभी राहते. धाप लागलीय, पण आत्ता नाही बोललं तर पुन्हा बोलवणार नाही, हे तिला कळतंय.

"उज्ज्वले, तुझ्या आईचा पदर खोचलेला होता. झाकण मी बसवू दिलं नाही. दांड्यावरून ये, असंही मीच म्हणले."

केरबा दुसरीकडं बघतो. उज्ज्वलाच्या हातातली पोती एकेक करून खाली पडतात.

"वर्षभर कामून बोलली नाहीस?"

द्वारकाबाई वाकून पडलेली पोती गोळा करायला लागते.

"मी माझ्या लेकराला काय काय सांगत बसले," उज्ज्वला म्हणते. डोक्याचा रुमाल सोडून ती बांधावरून घराकडं चालायला लागते. तिला कुणी हाक मारत नाही.

द्वारकाबाई कळशीजवळ बसते, तोंडावर पाणी मारायला हात वर करते आणि थबकते. सकाळपासून तिनं मशीनला हातही लावलेला नाही. पण उजव्या मनगटावर काळं ग्रीस आहे. चार बोटांचे ठसे वरून, अंगठ्याचा खालून. ती त्यावर पाणी ओतते. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं, बोटं तशीच राहतात.