काळ्या मसाल्याचं निदान

जॉब कार्डवर मी लिहिलं, ‘सायलेन्सर ओके. वास मसाल्याचा.’ आणि खाली झोकात सही ठोकली. जॉब कार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर. माझ्या नोकरीतला सगळ्यात मूर्ख केसपेपर तो हाच.

तेव्हा मी गुडगावच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनियर होते. आजूबाजूला शेतं आणि नव्या इमारतींचे सांगाडे, मध्ये आमची शेड, आणि शेडमध्ये मी एकटी बाई. डिप्लोमाची अक्कल अजून ताजी होती, म्हणून कोणाचं ऐकून घ्यायची गरज वाटत नसे.

जाधवसाहेब केंद्र सरकारात होते. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून नुकतेच द्वारकेच्या सोसायटीत राहायला आले होते. सगळ्या दिल्लीकडे असायची तीच छोटी गाडी. तिची डिकी आणि मागची सीट यांच्यात एक पातळ फळी, बस्स. साताऱ्याहून रेल्वेने आलेल्या आईला स्टेशनवरून घेऊन ते गाडी थेट आमच्याकडे घेऊन आले. मागे त्यांची बायको सुनंदाताई, सात वर्षांची मुक्ता आणि आजी.

“धुराचा वास येतो,” सुनंदाताई म्हणाल्या. “मागेच येतो. काच उघडली की जास्त येतो.”

“मला तर कधी आला नाही,” जाधवसाहेब म्हणाले.

मी हसले. “ताई, काच उघडल्यावर वास जातो. येत नाही.”

गाडी रॅम्पवर चढवली. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून इंजिन चालू केलं. पाइपला भोक असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. काही नाही. पाइप ठणठणीत. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, लांब श्वास घेतला, आणि संपलेच. काळा मसाला! खोबरं, धणे, दगडफूल. मी कराडची. घर सोडून दोन वर्षं झालेली, मेसच्या राजम्याने जीव विटलेला. डिकीत आजींनी आणलेला वर्षाच्या मसाल्याचा पत्र्याचा डबा होता, आणि माझं निदान तिथेच झालं.

“हा मसाल्याचा वास आहे, ताई. उगाच मनात आणू नका. काच खाली ठेवा, जाईल.”

सुनंदाताई मुक्ताला घेऊन गाडीत बसल्या. आजींनी मात्र मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

चार दिवसांनी गाडी परत आली. जाधवसाहेबांचा चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी ते गावच्या पाहुण्यांना भेटायला पार दिल्लीच्या मध्यात, कस्तुरबा गांधी मार्गावर गेले होते. सरकारी माणूस, दिलेली सूचना तंतोतंत पाळणारा. जाताना-येताना स्वतःची काच पूर्ण खाली. मागे मुक्ता; तिथल्या काचा बंद, कारण बाहेर लूच्या झळा. परतताना मुक्ता डोकं दुखतंय म्हणाली, मग झोपली. घराशी पोचल्यावर हलवलं तरी उठेना. उचलून झाडाखाली नेली, वारा लागला तेव्हा कुठे डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठीक आहे, पण त्या गाडीत पुन्हा बसवू नका.

 धुरात एक विषारी वायू असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, झोप मात्र आणतो.

आमचे मॅनेजर मल्होत्रासाहेब. त्यांनी जॉब कार्ड मोठ्याने वाचलं. “वास मसाल्याचा! मैडम, इंजन में तड़का लगाया था क्या?”

शेड हसली. मी नाही. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: डबा डिकीत होता, मग वास पुढे माझ्या नाकापर्यंत आला कसा? आणि ज्या वाटेने मसाला आला, त्याच वाटेने आणखी काय काय येत असेल?

डिकीच्या कडेला रबराची पट्टी असते, तिला बीडिंग म्हणतात. वर्तमानपत्राची पट्टी ठेवून डिकी बंद केली आणि ओढली. सगळीकडे घट्ट. डाव्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. बीडिंग फाटून आत दुमडलं होतं.

मग मल्होत्रासाहेबांच्या टेबलावरच्या देवापुढची उदबत्ती उचलली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

“मैडम, गाड़ी ठीक करनी है कि आरती?”

“दोनों, सर. चलिए.”

आमच्या बलबीर मिस्त्रींनी गाडी चालवली. काच बंद असताना उदबत्तीचा धूर सरळ वर. “अब खोलिए,” म्हटलं. त्यांनी काच खाली केली आणि धूर वाकला, थेट पुढे. धावत्या गाडीच्या पाठीमागे तिचाच धूर घुटमळत असतो. पुढची काच उघडली की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला मागच्या फटीतून धूर आत. ड्रायव्हर ताज्या हवेत, मागची माणसं धुरात. सुनंदाताईंनी पहिल्या दिवशी अगदी हेच सांगितलं होतं, फुकटात.

नवं बीडिंग बसवलं, डिकीचं लॉक घट्ट केलं, पुन्हा उदबत्ती. काच उघडी, धूर जरा हलला, पण पुढे गेला नाही. तरी मी जाधवांना गाडी दिली नाही. आधी मीच मागे बसून एअरपोर्टपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. डोकं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे आले, तेव्हा मुक्ता माझ्याशेजारी बसली. पूर्ण फेरीभर तिची टकळी चालू होती. एवढी गोड बडबड मी आजवर ऐकलेली नाही, आणि मला तीन नातवंडं आहेत.

“पण ते रबर फाटलं कसं?” जाधवसाहेबांनी विचारलं.

सुनंदाताईंनी सासूबाईंकडे पाहिलं. गेल्या वर्षी मसाल्याचा डबा मावेना, तेव्हा आजींनीच अंगाचा सगळा भार टाकून डिकी दाबली होती.

मी हात जोडून सुनंदाताईंची माफी मागितली. त्यांनी माझा हात नुसता दाबला. आजींनी मात्र पिशवीतून मसाल्याची बरणी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “नाक ब्येस हाय तुजं, पोरी. आता जरा कान बी वापरत जा.”