हात ठेवून म्हणा

अन्वरभाईंसमोर कुणी एखाद्या वस्तूला भंगार म्हटले, की ते हातातले काम खाली ठेवीत, चष्मा कपाळावर सरकवीत आणि म्हणत, "हात ठेवून म्हना." समोरच्याला वाटे, हा विनोद आहे. तो विनोद नसे. त्या वस्तूवर उजवा हात ठेवल्याशिवाय ते माणसाला पुढचे वाक्य बोलू देत नसत. बंद पडलेला पंखा, पिवळा पडलेला कळफलक, आणि एकदा तर स्वतःचा गुडघा. गुडघ्यावर त्यांनी डॉक्टरांना हात ठेवायला लावला होता. हात ठेवला की बहुतेकांचा आवाज उतरे. "बघा," ते म्हणत, "लांबून समदंच भंगार दिसतं."

मी त्यांच्याकडे गेले ती मराठीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. वर्गात मी आयुष्यभर बोलले. वर्गाबाहेर मात्र जवळजवळ नाहीच. रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणण्याचा संकोच वाटून मी कितीदा तरी क्रांती चौकापर्यंत पुढे गेले आहे आणि तिथून पायी परतले आहे. आमच्या पुंडलिकनगरात एका संस्थेची अभ्यासिका आहे. तिच्या जिन्याशी वरच्या खोलीची पाटी होती : महिलांसाठी संगणक, वयाची अट नाही. सलग दोन दिवस मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी वरून आवाज आला, "बाई, जिना चढायला बी शिकवतो आमी. या."

वर आठ संगणक होते आणि आठही कुठल्या ना कुठल्या कचेरीने टाकून दिलेले. अन्वरभाईंचे पूर्वी उस्मानपुऱ्यात टंकलेखनाचे वर्ग होते. टाइपरायटर गेले तेव्हा लोकांनी त्यांना दुकान बंद करण्याचा सल्ला दिला. त्यांनी दुकान बंद केले आणि पन्नाशीत, जुनी पुस्तके समोर ठेवून, संगणक उघडायला शिकले. नव्या प्रणाली या जुन्या यंत्रांत मावत नसत. "बिऱ्हाड मोठं आन् घर लहान," ते म्हणत, "तर घर पाडायचं का? नक्को. बिऱ्हाड बदला." आणि त्यांनी आठही यंत्रांवर लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी प्रणाली चढवली.

माझा पहिला धडा पडद्यावर झाला नाही. त्यांनी शहाबादी फरशीवर खडूने एक लांब आयत काढला. ती डिस्क, म्हणजे यंत्राचे कोठार. पायाने मापून त्याचे तीन भाग केले. पहिला प्रणालीसाठी, शेवटचा, सर्वांत मोठा, माणसांच्या कामासाठी, आणि मधला, पट्टीसारखा, स्वॅपचा.

"मशीनची मेमरी म्हंजे सैपाकाचा वटा," ते म्हणाले. "पाव्हने वाढले, वट्यावर जागा नाय. मंग काय करता तुमी?"

"काही भांडी मागच्या खोलीत ठेवते," मी हळूच म्हणाले.

"हौ! स्वॅप म्हंजे ती मागची खोली. जायला-यायला टाइम लागतो, काम धीमं व्हतं. पर पाव्हना उपाशी जात नाय. ह्या म्हाताऱ्या मशीनचा वटा लहान हाये. म्हून ही खोली मी मोठी ठेवतो. लोक हसतात. हसू द्या."

मग त्यांनी कामाच्या मोठ्या भागावर टाच आपटली. "ह्यो भाग वेगळा. प्रनाली धा वेळा मरू द्या, पुन्हा टाकू. मान्साच्या कामाला धक्का लागला नाय पायजे." डिस्क नुसती खोक्यात असून उपयोग नाही, ती कोणत्या जागी जोडायची हे यंत्राला सांगावे लागते, हेही त्यांनी फरशीवरच शिकवले. त्या जागेला माउंट पॉइंट म्हणतात. ते तिला 'ठिकाणा' म्हणत. "ठिकाना नसला की मानूस बी हाये काय आन् नाय काय."

दोन वर्षांत त्या खोलीत चौदा बायका नियमित येऊ लागल्या. त्यांत मंगल होती. ती चार घरी पोळ्या करते. आमच्या भागात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल याचा नेम नसतो. मंगलने कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी आणि किती वाजता पाणी आले याची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या नोंदींवरून ती पुढचा अंदाज बांधी, तो छापून दारोदार चिकटवी, आणि तो बहुधा खरा ठरे. ही 'पाण्याची वही' आणि सगळ्याजणींचे सरावाचे काम तीन नंबरच्या मशीनवर 'काम' नावाच्या एका ठिकाण्यावर जमा होत असे.

मग अन्वरभाईंची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले आणि खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. त्याच सुमारास संस्थेच्या कार्यवाहांना, पाथ्रीकर साहेबांना, ती खोली बैठकीच्या दालनासाठी हवी झाली. शुक्रवारी ते पाहायला येणार होते. काम दिसले तर खोली राहील. नाहीतर संगणक भंगारात.

तीन नंबरची डिस्क भरत आली होती. अन्वरभाईंनी एक जुनी पण धडधाकट डिस्क तयार करून ठेवली होती आणि मला बजावले होते, "आधी नव्या ठिकान्यावर जोडा. सामान हलवा. मंग जुना ठिकाना द्या." गुरुवारी दुपारी मी एकटीच बसले. बायकांच्या हाताला 'काम' हे एकच ठिकाण सवयीचे होते. मधल्या काळासाठीदेखील त्यांना नवे ठिकाण कशाला दाखवायचे, असे मला वाटले. शिवाय शंका विचारायला आजारी माणसाला फोन करणे मला जमले नाही. मी ती डिस्क थेट 'काम'वरच जोडली, आणि यंत्र सुरू होताना जी यादी वाचते तीतही तसे लिहून टाकले. जुने सामान तिथेच राहील आणि जागा तेवढी वाढेल, असा माझा समज. यंत्राने काहीही तक्रार केली नाही. मी समाधानाने कुलूप लावले.

शुक्रवारी पाथ्रीकर साहेब खुर्चीवर बसले. मंगलने 'काम' उघडले. ते रिकामे होते. वही नव्हती, चौदाजणींपैकी कुणाचे एक पानही नव्हते.

"बाई," मंगल माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं पानी कुठं गेलं?"

"हे असंच होणार," साहेब उठत म्हणाले. "भंगार ते भंगार. सोमवारी गाडी बोलावतो."

मंगलने माझ्याच पिशवीतून माझा फोन काढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. अन्वरभाई रुग्णालयातल्या खाटेवर होते.

"बाई, काल काय टाइप केलं, शब्द न शब्द वाचा."

मी वाचले. पलीकडे ते हसले. हसता हसता खोकला आला.

"गेलं काय बी नाय. भरल्या कपाटाच्या म्होरं तुमी रिकामं कपाट उभं केलं. समदं त्याच्या मागं हाये. ते रिकामं काढा."

मी डिस्क सोडवण्याची आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला : जागा वापरात आहे.

"कोन तरी आत बसलंय," अन्वरभाई म्हणाले. "मंगल, तूच ना? खिडकी उघडी हाये तुजी. उठ तिथून."

"मी तर खुर्चीवर बसलीय, भाई!"

"पडद्यावरची खिडकी, माय!"

मंगलने खिडकी बंद केली. मी पुन्हा आज्ञा दिली, यादीतली कालची ओळ खोडली आणि 'काम' पुन्हा उघडले. सगळे होते. पाण्याची वही, पहिल्या पानापासून. मंगल पडद्याला बोट लावून गल्ल्या मोजू लागली.

साहेब दारात थबकले होते. "आज सापडलं. उद्या? यंत्रं भंगारच आहेत."

"साहेब," टेबलावरून आवाज आला, "तीन नंबरवर हात ठेवून म्हना."

साहेबांनी हात खिशात घातले. "बघू," म्हणून ते जिना उतरले. सोमवारी गाडी आली नाही. पण मला जे सतावते ते निराळेच आहे. खाटेवरचा माणूस बोलला आणि त्याच खोलीत उभी असलेली मी गप्प राहिले.

संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेले आणि चुकीबद्दल क्षमा मागू लागले. त्यांनी ती मागू दिली नाही. "चूक झाली तर ती सांगायची, शब्द न शब्द. तुमी सांगितली. लई मोठे इंजिनियर बी लपवतात." मग म्हणाले, "पर फोन गुरुवारीच करायचा व्हता, बाई. मी आजारी हाये, बंद नाय पडलो."

दीड महिन्याने ते गेले. त्यांच्या घरी बसले असताना कुणीतरी "बिचारे" म्हणाले. त्यांच्या पत्नीने मान वर करून पाहिले. ती व्यक्ती उठून चपला शोधू लागली.

खोली आता मी चालवते. नवी बाई आली की फरशीवर आयत काढते; स्वॅपची पट्टी त्यांच्याइतकीच रुंद ठेवते, आणि कुणी हसले तर हसू देते. गेल्या आठवड्यात कार्यवाहांचे पत्र आले. 'आठ निकामी संगणक संच तात्काळ हलवून खोली रिकामी करावी,' असे त्यात आहे. मंगलने ते वाचले आणि शंकेने माझ्या तोंडाकडे पाहिले. तिची शंका रास्त होती.

उत्तर मी तीन नंबरच्या मशीनवर टाइप केले. वटा लहान असल्याने त्या मशीनने छापायला वेळ घेतला. मजकूर असा आहे :

"आपले पत्र मिळाले. 'निकामी' हा शब्द आपण प्रत्यक्ष येऊन, प्रत्येक संचावर उजवा हात ठेवून, आठ वेळा उच्चारावा, ही विनंती. तोपर्यंत खोली रिकामी होणार नाही. ती रोज दुपारी दोन ते पाच उघडी असते. मी तिथेच असते."

पत्र टपालाने पाठवायचे ठरले होते. मी रिक्षा केली, संस्थेच्या कचेरीसमोर येताच "इथे थांबवा" म्हणाले, आणि ते स्वतः नेऊन दिले.