पहिली नव्वद पानं

माझी भावजय मार्वा ट्रॅमेल हिच्याइतकी कष्टाळू बाई अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या टेकड्यांत मी दुसरी पाहिली नाही. आणि तिच्यावर मला जितका राग आला तितका उभ्या जन्मात कुणावर आला नाही. दोन्ही खरं आहे. मी गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं आहे. रोज तीनशे पोरांना बटाटे कुस्करून वाढते. माझ्या सख्ख्या भावाच्या चार पोरींनी मात्र ते बटाटे कधी चाखले नाहीत, कारण मार्वाने चौघींनाही घरीच शिकवलं.

थोरली टिर्झा सहा वर्षांची असताना आठवडाभर शाळेत गेली होती. बाईंनी हिला दोनदा कोपऱ्यात उभं केलं आणि मार्वाने पोरीचं दप्तर उचलून आणलं ते कायमचंच. ड्वेन, म्हणजे माझा भाऊ, लाकडाच्या कारखान्यात दहा-दहा तास राबणारा माणूस. तो म्हणाला, तुला जमत असेल तर कर बाई. आमच्याकडे असं करणाऱ्यांना कुणाला विचारावं लागत नाही. वर्षाचे हजार तास शिकवले, अशी एक वही घरात ठेवली की झालं. मार्वाची वही अगदी नेटकी असायची. केक कापला की त्यात लिहायची, अर्धा तास, गणित, अपूर्णांक. बागेत गाजरं उपटली की एक तास विज्ञान. मी हसायचे. म्हणायचे, मग मी इतकी वर्षं कढया घासतेय, मला एव्हाना प्रोफेसर करायला हवं होतं.

काय जमलं तिला, तेही सांगते, उगाच एकतर्फी बोलायला नको. वाचन जमलं. जेवणाच्या टेबलापाशी बसून ती रोज दीड तास मोठ्याने वाचून दाखवायची, घसा बसला तरी. चौघीजणी पाचव्या वर्षी वाचायला लागल्या. माझ्या शाळेत चौथीतली पोरं जे अडखळत वाचतात ते या सरसर वाचायच्या. पक्ष्यांची वही जमली. प्रत्येकीने चित्रं काढून, तारीख घालून, कुठला पक्षी कधी आला ते लिहिलेलं. अक्षर तर असं की बघत राहावं. लॅटिन आणलं होतं, ते दोन महिन्यांत बारगळलं. सगळं जग एका मोठ्या कागदाच्या पट्टीवर मांडायचं असा इतिहासाचा एक प्रकार होता, त्याची पट्टी कोंबड्यांच्या खुराड्यात गेली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लॅटिनवाचून कुणाचं अडतं?

घोडं पेंड खायचं ते गणितात.

दर वसंतात चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. घरी शिकवणाऱ्या बाया चाकांच्या बॅगा घेऊन येतात आणि एकमेकींची पुस्तकं घेऊन जातात. मार्वा तिथून दरवर्षी गणिताचं नवं काहीतरी आणायची. एकदा रंगीत ठोकळेवालं. एकदा गोष्टींतून शिकवणारं. एकदा टकल्या मास्तरच्या सीडींचं. एकदा तर नुसतं काळं-पांढरं, जुन्या वळणाचं, चित्र म्हणून नाही. ऑगस्टमध्ये सुरुवात व्हायची. नव्याचे नऊ दिवस घर नुसतं आनंदात. आता सापडलं गं वेल्डा, हेच हवं होतं आम्हाला, असा मला फोन यायचा. फेब्रुवारी उजाडला की पुस्तक बंद. का, तर टिर्झा रडते. हे तिला मानवत नाही. प्रत्येक पोराची शिकायची तऱ्हा वेगळी असते. मग वसंतात पुन्हा बाजार.

या पुस्तकांच्या सुरुवातीला एक छोटी परीक्षा असते, पोरीला कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी. आधीचं पुस्तक अर्धवट सोडलेलं, त्यामुळे प्रत्येक नवं पुस्तक टिर्झाला त्याच पायरीवर बसवायचं. शिवाय प्रत्येकाची पहिली नव्वद पानं उजळणीची. मार्वा म्हणायची, असू दे, पाया पक्का होतो. म्हणजे पोरगी बाराची झाली, तेराची झाली, पंधराची झाली, आणि दर ऑगस्टला पहिले पाढे पंचावन्न. अपूर्णांकांची बेरीज तिने सहा वेगवेगळ्या पुस्तकांतून केली. सोळाव्या वर्षी बीजगणित आणलं, त्याचीही सुरुवातीची उजळणीच तेवढी झाली. जेवढं केलं तेवढ्यात तिला नेहमी शंभरपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असायचे. मार्क खोटे नव्हते हो. पुढची पानं कुणी उलटलीच नव्हती.

मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. एकदा मी बोललेही. म्हटलं, मार्वा, आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई चांगल्या आहेत, आठवड्यातून दोनदा पाठव पोरीला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पोरीला विकायला सांगितलं. ड्वेन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर मी तोंडाला कुलूप घातलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता वाटतं, भांडायला हवं होतं मी. रोज जाऊन भांडायला हवं होतं.

कारण टिर्झाला नर्स व्हायचं होतं. हे खूळ नव्हतं. आमचे वडील शेवटची दोन वर्षं ड्वेनच्या घरी अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा झालेल्या. मी त्यांची लेक, पण मला ते बघवत नसे. ही चौदा वर्षांची पोर ते धुवायची, मलम लावायची, त्यांना कुशीवर वळवायची, आणि वळवताना त्यांच्याशी बेसबॉलबद्दल बोलत राहायची म्हणजे त्यांचं लक्ष दुखण्यावरून उडेल. तपासायला येणारी नर्स मला म्हणाली, ही मुलगी जन्माला आलीय तीच या कामासाठी. टिर्झाने ते ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

अठराव्या वर्षी चर्चमध्ये पदवीदान झालं. घरी शिकलेल्या पोराला शाळा संपल्याचा दाखला आईच देते. मार्वाने तो स्वतःच छापला होता, सोनेरी किनारीचा जाड कागद आणून. इंग्रजी ए, विज्ञान ए, गणित ए. टिर्झा निळा झगा घालून उभी, मार्वा रडतेय, ड्वेन रडतोय, मीही रडले. त्यानंतर सगळ्यांनी घरून करून आणलेलं जेवण झालं. असा चांगला दिवस त्या घरात पुन्हा आला नाही.

कॉलेजात नर्सिंगला नाव घालायचं तर आधी कॉम्प्युटरवर चाचणी द्यावी लागते. मार्वाला दमा उठला होता, म्हणून टिर्झाला घेऊन मी गेले. दीड तासाने ती बाहेर आली. तिच्यामागून एक बाई आल्या, फार सभ्य. म्हणाल्या, वाचनात हिच्याइतके मार्क या वर्षी कुणालाच नाहीत. गणिताचं म्हणाल, तर कमी पडलेल्यांसाठी आमच्याकडे जे वर्ग असतात त्यांच्याही खाली आहे. ग्रंथालयाच्या तळघरात मोठ्या माणसांसाठी एक वर्ग चालतो, तिथे आधी जावं लागेल. टिर्झाने त्यांचे आभार मानले. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "आत्या, त्यात अशी चिन्हं होती की मी ती आधी बघितलेलीच नव्हती. मला वाटलं, मशीनच बिघडलंय."

हिवाळाभर ती तळघरातल्या वर्गाला गेली. तिथला मास्तर आठवड्याला बदलायचा. शेजारी तुरुंगातून सुटून आलेला एक माणूस बसायचा, तोही हिच्यापुढे होता. दुसऱ्यांदा चाचणी दिली, नापास. तिसऱ्यांदा तर पडद्यासमोर बसली आणि अर्ध्यातच उठून आली. तीनदा झालं की वर्षभर थांबायचं असा त्यांचा नियम. वर्षाने ती गेलीच नाही. वृद्धाश्रमात कामाला लागली, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, चादरी बदलायच्या. तिथे औषधं द्यायच्या कामावर जरा बढती मिळते, पण त्यालाही किती औषध कितीने भागायचं ते यावं लागतं. तिने अर्ज केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे आत्या, माझं डोकं त्यातलं नाही." पाच वर्षं हे वाक्य ऐकून माझे कान किटले.

आणि मार्वा? मार्वाने तिसऱ्या लेकीसाठी पुन्हा नवं गणित आणलं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये घरी शिकवणाऱ्या बायांच्या मंडळाने तिला बोलायला बोलावलं. दर वर्षी एखादी अनुभवी आई आपली पुस्तकं टेबलावर मांडते आणि नवख्यांना सांगते, काय उपयोगी पडलं, काय नाही. या वर्षी मान मार्वाचा. चहाची भांडी सांभाळायला ती मला घेऊन गेली. टिर्झाची सुट्टी होती, तीही खोकी उचलायला आली. तेवीस वर्षांची पोरगी, पण खुर्च्या मांडताना कमरेला हात लावून उभी राहिली, म्हाताऱ्यांना उचलून उचलून पाठ गेलीय तिची.

मार्वाने डाव्या बाजूला वाचनाची पुस्तकं ठेवली, उजव्या बाजूला गणिताची आठ. डाव्या बाजूचं सांगून झालं. बाया वह्यांत लिहून घेत होत्या. मग उजव्या बाजूला वळली आणि गप्प झाली. एका लेकुरवाळ्या पोरीने मदत म्हणून विचारलं, यातलं सगळ्यात वाईट कुठलं? मार्वा म्हणाली, "एकही नाही. सगळी चांगली आहेत." मग टेबलाची कड धरून म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत आले की माझी मुलगी रडायची म्हणून पुस्तक बदललं. ती एकदाच रडली होती. पहिल्या वर्षी. पुढची सगळी पुस्तकं मी बदलली, कारण नव्वदाव्या पानापुढचं मलाच येत नव्हतं. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. तिने काही विचारलं की मला घाम फुटायचा. मी म्हणायचे, तुला हे पुस्तक मानवत नाही."

मी चहाची किटली हातात धरून तशीच. ही शाळा सोडून आली होती ते मला माहीत होतं हो, लग्नाआधीपासून माहीत होतं, पण कधी माझी ट्यूब पेटली नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणं आठ झाली आणि नाचायला उभी केली ती लेक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाटलं, जाऊन हलवावं हिला. एक फोन केला असतास, बाई. एकदा म्हणाली असतीस, वेल्डा, मला पुढचं गणित येत नाही.

पण बाया तशा चांगल्या. दोघी-तिघी उठून तिच्या गळ्यात पडल्या. तू फार कठोर होतेस गं स्वतःशी, म्हणाल्या. आम्ही सगळ्या चुकतो, देव सावरून घेतो. ती लेकुरवाळी पोरगी तोवर पुस्तकं चाळत होती. मागची पानं अगदी कोरी आहेत की, म्हणाली, आणि काळं-पांढरं पुस्तक विकत घेऊन गेली.

टिर्झा तोवर मागच्या दाराने बाहेर पडली होती. मी गेले तर ती पायरीवर बसलेली. रडत नव्हती. मार्वाही माझ्यामागून आली आणि दाराशीच थांबली.

टिर्झाने आईकडे बघितलं. "मला वाटायचं, मी मठ्ठ आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं मला तसंच वाटतंय, ममा."

मार्वाने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

मला गप्प बसवेना. मी टिर्झाच्या शेजारी टेकले, म्हटलं, बघ, झालं ना स्पष्ट, तू मठ्ठ नाहीस, कधीच नव्हतीस. आता गाठू ती चाचणी. आमच्या शाळेतल्या बाई मला नाही म्हणणार नाहीत, शनिवारी येतील, मी विचारते. अजून तेवीसच आहेस गं तू.

तिने माझा हात हातात घेतला, ती म्हाताऱ्यांचा घेते तसा, मायेने, समजूत घालायला.

"मठ्ठ नव्हते गं आत्या," ती म्हणाली. "पण आता झालेय."

मग घड्याळ बघून उठली. चारला तिची कामाची पाळी सुरू होत होती.