आकाशकंदिलाची वांगी

“मॅडम, गाणं लागलं की कटर वांगी कापतो,” सावंतांनी दारातच सांगितलं आणि पुरावा म्हणून एक पुठ्ठा माझ्या हातात दिला. चांदणी असायला हवी होती. खरंच वांगं होतं, देठासकट.

सावंतांचा भांडुपला आकाशकंदिलांचा कारखाना आहे. पुठ्ठे कापणारं मशीन एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, कारण मशीन जोडायचं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसतच नाही. गाणीही त्याच कॉम्प्युटरवर लागतात. दिवाळी तोंडावर आली होती. दादरच्या व्यापाऱ्यांना त्याच आठवड्यात माल हवा होता. नाहीतर ते दुसरीकडून घेणार आणि वर्षभराचा धंदा गेला.

मी म्हटलं, गाणी बंद ठेवा.

“मशीन गाण्याशिवाय चालतं हो,” सावंतवहिनी म्हणाल्या. “बायका नाही चालत.”

पुठ्ठे चिकटवायला बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. सकाळी गाणी बंद ठेवून पाहिली होती, तर गप्पा सुरू झाल्या आणि हात थांबले. मोबाइल स्पीकरला जोडा म्हटलं, तर तेही झालं होतं. गाण्याच्या मध्येच व्यापाऱ्याचा फोन आला आणि सावंतांना पडलेल्या शिव्या अख्ख्या कारखान्याने मोठ्या स्पीकरवर ऐकल्या.

“भजनाला वांगं लहान येतं,” सावंत म्हणाले. “लावणीला भरताचं.”

कॉम्प्युटर दुरुस्तीचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी वायरी, मग वीज, मग सॉफ्टवेअर, शेवटी माणसं. वायरी ठीक होत्या, वीजही. सॉफ्टवेअरमधून साउंड कार्ड बंद केलं, तर स्वच्छ चांदणी निघाली. चालू करून लावणी लावली, तर वांगं. म्हणजे भांडण दोन कार्डांचं होतं.

थोडं समजावून सांगते. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक कार्डाला मधूनमधून प्रोसेसरचं लक्ष हवं असतं. त्यासाठी ते जणू बेल वाजवतं. या बेलला इंटरप्ट म्हणतात आणि तिच्या नंबरला आयआरक्यू. नव्या कॉम्प्युटरमध्ये दोन कार्डं एकच बेल वाटून घेतात. कटरच्या जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे त्याचं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते येत नव्हतं. स्क्रीनवर यादी उघडली, तर दोन्ही कार्डांचा नंबर एकच. गाणं वाजलं की साउंड कार्ड सारखी बेल मारायचं, कटरची बेल कुणाला ऐकूच जायची नाही आणि पातं वळायचं तिथे न वळता पुढे जायचं.

पण इतकी वर्षं सुरळीत चाललं, मग आताच काय झालं? मी विचारलं, “हे कधीपासून?”

“दसऱ्यापासून,” सावंत म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

मी कॅबिनेट उघडलं. आत झेंडूची पाकळी. कटरच्या कार्डावर हळद, साउंड कार्डावर हळद आणि कुंकू दोन्ही.

सावंतांची आई कोपऱ्यात कात्रीने कंदिलाच्या शेपट्या कापत बसली होती. “मियां काय केलंय? पुसून, हळदकुकू लावून दिलंय परत.”

खंडेनवमीला कारखान्यातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते. त्या वर्षी सावंतांनी धूळ काढायला कार्डं बाहेर काढली होती. आईंनी तीही पाटावर घेतली. सावंतांनी नंतर ती जिथे बसली तिथे बसवली. या बोर्डावर बेलचा नंबर स्लॉटप्रमाणे ठरतो. म्हणजे खाच बदलली की नंबर बदलतो.

साउंड कार्ड शेवटच्या स्लॉटमध्ये हलवलं. नंबर वेगळे झाले. वहिनींनी मुद्दाम सगळ्यात मोठ्या आवाजाची लावणी लावली. पातं फिरलं. चांदणी. बायकांनी चिकटवणं सुरू केलं आणि माल वेळेत दादरला गेला.

निघताना मी आईंना सांगितलं, पुढच्या वर्षी पूजा कॅबिनेट बंद ठेवून करा.

“कात्रेची पूजा कोण डब्यात ठेवून करता?” त्यांनी विचारलं.

आता दर खंडेनवमीला मीच जाते. कार्डं काढून पाटावर देते, हळदकुंकू होईपर्यंत चहा घेते, मग पुसून ज्याच्या त्याच्या स्लॉटमध्ये बसवते. आई मला नारळ देतात आणि सावंत मला भटजी म्हणतात. बिलावर मी ‘वार्षिक देखभाल’ लिहिते. गिऱ्हाइकाची सवय मोडायच्या फंदात पडू नये, तिची व्हिजिट बिलात लावावी.