फिल्टरवरचं फडकं

दारव्हा रस्त्याच्या चढावर एका शेतकऱ्याची चारचाकी मोटारसायकल बंद पडली. पाय अधू, म्हणून रोज एकट्याने शेतात जाता यावं यासाठी त्याने जादा चाकं लावून ती जुळवली होती. मी धक्का द्यायला सरसावलो.

"राहू द्या भाऊ. ढकलून चढली, तं उद्या तुमाले कुठं शोधू?"

त्याने प्लग काढला. टोक पांढरं पडलेलं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. धुळीसाठी तो एअर फिल्टरवर फडकं बांधायचा; त्याने हवा कमी जायची, म्हणून पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा जेटही त्याच हिशेबाने बारीक बसवलेला. आज फिल्टर उघडाच होता.

"घरचीनं फडकं धुवाले काढलं वाटते. सफाईवाली हाये ना मोठी!"

खांद्यावरचा दुपट्टा त्याने फिल्टरला गुंडाळला. गाडी चढ चढली. वर पोचल्यावर त्याने ती मुद्दाम बंद केली, पुन्हा सुरू करून पाहिली आणि मगच शेताकडे वळवली.